"ज्यूंकडून शिका" वाल्या त्या फॉरवर्डचं एकेक वाक्य

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, मग तोच सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, म्हणजे एकूण तीनदा, आणि तिन्ही ठिकाणी खाली हात जोडलेले इमोजी आणि "अप्रतिम, डोळे उघडणारं लिखाण". तुमच्याकडेही आला असेलच, तरी ज्यांनी न वाचता पुढे ढकलला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक गरीब ज्यू मुलगा जर्मनीतून जहाजात बसून खिशात दमडी नसताना न्यूयॉर्कला उतरला. तिथल्या ज्यू सावकारांनी आपल्या माणसाला उभं करायचं म्हणून वर्गणी काढली आणि त्यातून त्याने न्यूयॉर्क टाइम्स सुरू केला. तेव्हापासून बापाकडून मुलाकडे असा पाच पिढ्या पेपर चालतोय. सव्वाशे वर्षं ज्यूंच्या प्रत्येक दुःखाला या पेपरात पहिलं पान मिळतं आणि इस्रायल तर यांनीच घडवला. आज अमेरिकेतला ९६ टक्के मीडिया ज्यूंकडे आहे. आणि शेवटी नेहमीचंच, मराठी माणूस मात्र टोपलीतल्या खेकड्यासारखा एकमेकांचे पाय ओढतोय.

आता यात शिवीगाळ नाही, उलट कौतुकच आहे, त्यामुळे काकांना जेव्हा मी म्हटलं की हे बरोबर नाहीये तेव्हा ते म्हणाले, अरे चांगलंच तर बोललंय त्यांच्याबद्दल. हो, पण यातलं "एकी" काढून तिथे "कारस्थान" घाला आणि परत वाचा, बाकी एक अक्षर बदलायला लागत नाही. शंभर वर्षं ज्यूंचा द्वेष करणारे लोक हेच सांगत आलेत की सगळा समाज आतून एक आहे आणि पेपर त्यांच्या मुठीत आहेत. आपल्याकडे तीच गोष्ट सुविचार बनून फिरते एवढंच. म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू.

"जर्मनीतून जहाजात बसून न्यूयॉर्कला उतरला"

ज्याच्याबद्दल हे लिहिलंय तो अ‍ॅडॉल्फ ऑक्स. त्याचा जन्म १२ मार्च १८५८ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातला. जहाजातून आला त्याचा बाप. ज्युलियस ऑक्स, बव्हेरियातल्या फ्युर्थ गावचा, १८४५ मध्ये आला. आई बर्था लेव्ही, लांडाऊची, १८४८ च्या उठावात नको तिथे नको ते बोलून बसली म्हणून घरच्यांनी तिला अमेरिकेत नातेवाइकांकडे पाठवून दिलं.

आता गंमत बघा. हे दोघं नवरा-बायको, दोघंही जर्मन ज्यू, दोघंही परदेशात नवे, म्हणजे फॉरवर्डच्या हिशोबाने एकी इथे तरी हवी की नाही? तर अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा ज्युलियस उत्तरेच्या म्हणजे लिंकनच्या सैन्यात आणि बर्था मनाने पक्की दक्षिणेची. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी की ही बाई बाळाच्या ढकलगाडीत बाळाखाली क्विनाइन, म्हणजे मलेरियाचं औषध, लपवून नदीवरचा पूल ओलांडायची आणि पलीकडे दक्षिणेच्या सैनिकांसाठी पोचवायची, एकदा पकडली गेली आणि नवऱ्याने आपली ओळख वापरून सोडवली. एका घरात एका ताटात जेवणारी दोन माणसं गुलामगिरीच्या प्रश्नावर दोन बाजूंना होती, तिथे आख्ख्या समाजाचं एकमत कुठून आणणार.

ज्युलियसला म्हणे सहा भाषा येत होत्या आणि धंदा एकही जमला नाही. कुटुंब टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलला गेलं, तिथे तो छोट्याशा ज्यू वस्तीसाठी रब्बीचं म्हणजे ज्यू धर्मगुरूचं काम बघायचा, पण त्याने चूल पेटत नव्हती. म्हणून अ‍ॅडॉल्फ अकराव्या वर्षी नॉक्सव्हिल क्रॉनिकल नावाच्या पेपरात पोऱ्या म्हणून लागला. झाडू मारायचा, निरोप पोचवायचे, मग छापखान्यात हाताखाली काम. माझे आजोबा जुळारी होते, म्हणजे छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवणारे, त्यामुळे हे काम काय असतं ते मी घरी ऐकलंय. नव्या पोराला कुणी खिळे जुळवायला देत नाही, त्याला देतात छापून झालेले शाईने बरबटलेले खिळे रॉकेलने पुसून परत आपापल्या खणात टाकायला, आणि 'ब' च्या खणात चुकून 'व' टाकला की दुसऱ्या दिवशी जुळाऱ्याची चप्पल. ऑक्सने हे सगळं केलंय.

आणि तो छापखाना का शिकला याची एक गोष्ट तो स्वतःच नंतर सांगायचा. घरी जायच्या वाटेवर चर्चचं कब्रस्तान होतं आणि रात्री एकट्याने तिथून जायला त्याची फाटायची. म्हणून काम संपलं तरी तो ऑफिसातच थांबायचा, कुणीतरी मोठा माणूस त्या बाजूला निघेपर्यंत. नुसतं बसून काय करायचं म्हणून मग जुळाऱ्यांच्या शेजारी उभं राहून शिकायचा. वर्गणी वगैरे सोडा, पुढे झालं त्याच्या मुळाशी भुताची भीती आहे.

"न्यूयॉर्क टाइम्स सुरू केला"

नाही. तो पेपर १८ सप्टेंबर १८५१ ला हेन्री रेमंड आणि जॉर्ज जोन्स या दोघांनी सुरू केला, दोघांपैकी एकही ज्यू नाही, आणि तेव्हा ऑक्सच्या जन्माला साडेसहा वर्षं बाकी होती. एवढं एक वाक्य बास आहे या मुद्द्याला. ऑक्सने आधी घेतला तो चॅटनूगा टाइम्स, टेनेसीतल्याच एका धूळभरल्या गावातला मरायला टेकलेला पेपर, १८७८ मध्ये, वीस वर्षांचा असताना. रोख दिले अडीचशे डॉलर, तेही उसने, आणि सोबत पेपरवरचं दीड हजार डॉलरचं कर्ज डोक्यावर घेतलं. एकवीस पूर्ण नव्हती म्हणून कायद्याने सही चालत नव्हती, तेव्हा कागदावर बापाने सही केली.

"ज्यू सावकारांनी वर्गणी काढली"

इथे जरा थांबू, कारण खरी मजा इथे आहे, आणि पैशाचा व्यवहार एकदा कळला की बाकी फॉरवर्ड आपोआप ढिला पडतो.

१८९६ साली ऑक्सची अवस्था काय होती तर बाहेरून शेठ, आतून पोकळ. चॅटनूगामध्ये जमिनींच्या भावाची एक लाट आली होती, सगळ्यांनी प्लॉट घेतले, यानेही घेतले, लाट ओसरली आणि हा कर्जात गळ्यापर्यंत. वर त्याने पेपरसाठी सोनेरी घुमट असलेली टोलेजंग इमारत बांधून ठेवली होती. म्हणजे न्यूयॉर्कला तो चैन म्हणून गेला नाही, चॅटनूगाचं कर्ज फिटावं म्हणून अजून एक पेपर मिळतो का बघायला गेला. आपल्याकडेही अशी माणसं बघितलीत आपण, एक दुकान बुडतंय म्हणून दुसरं काढणारी. बहुतेक दोन्ही बुडतात.

तिकडे न्यूयॉर्क टाइम्स रोज हजार डॉलर तोट्यात. छापायचे एकोणीस हजार अंक, त्यातले निम्म्याहून जास्त परत यायचे, खपायचे जेमतेम नऊ हजार. ज्याने हा पेपर परत उभा करायची योजना मांडली त्या मंडळींत मोठं नाव होतं स्पेन्सर ट्रास्क, ख्रिश्चन बँकर. जुन्या कंपनीचे कागद ज्यांच्याकडे अडकले होते त्यात जे. पी. मॉर्गन, तोही ख्रिश्चन. आणि ऑक्स स्वतःची पत दाखवायला काय घेऊन गेला, तर ओळखीच्या मोठ्या माणसांची शिफारसपत्रं, त्यात एक चक्क राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडचं. ते कधीतरी चॅटनूगाला येऊन गेले होते तेव्हा ओळख झालेली, तेवढ्या ओळखीवर याने पत्र मागितलं. याला म्हणतात धाडस, किंवा कोडगेपणा, तुम्ही ठरवा.

व्यवहार असा होता. नव्या कंपनीचे दहा हजार शेअर. ऑक्सने पंचाहत्तर हजार डॉलरचे बाँड घ्यायचे, ते पैसे बहुतेक कर्जाऊच, आणि त्यावर बक्षीस म्हणून त्याला १,१२५ शेअर. अजून ३,८७६ शेअर तिसऱ्याकडे बाजूला ठेवायचे. लागोपाठ तीन वर्षं पेपरने आपला खर्च आपण भागवून दाखवला तर ते शेअर ऑक्सचे, नाही दाखवला तर नाहीत. आता १,१२५ आणि ३,८७६ ची बेरीज करून बघा, ५,००१ येते. दहा हजारातले पाच हजार एक. एका शेअरने मालकी. हा आकडा ज्याने बसवला त्याचं डोकं बघा, आणि लक्षात घ्या की यात कुणी कुणाला जातभाई म्हणून काही दिलेलं नाही, चालवून दाखव मग घे असा साधा करार आहे. १ जुलै १९०० ला ते शेअर त्याला मिळाले. म्हणजे चार वर्षांत.

चालवला कसा, तर भपका कमी करून. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये पुलित्झरचा वर्ल्ड आणि हर्स्टचा जर्नल या पेपरांची मारामारी चालू होती, खून, बायका, भुतं, मोठी चित्रं. ऑक्सने उलटं केलं. शेअरचे भाव, जमिनींचे व्यवहार, बाहेरगावाहून कोण व्यापारी खरेदीला आलेत त्यांची यादी, असलं रुक्ष पण दुकानदाराच्या कामाचं छापायला लागला. "ऑल द न्यूज दॅट्स फिट टू प्रिंट" हे ब्रीदवाक्य आधी विजेच्या पाटीवर लावलं, मग १० फेब्रुवारी १८९७ पासून पहिल्या पानावर. याहून चांगलं कुणी सुचवलं तर शंभर डॉलर अशी स्पर्धाही घेतली, एकाला शंभर डॉलर दिले पण आणि वाक्य मात्र स्वतःचंच ठेवलं. मग १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध, बाकीच्या पेपरांनी बोटी भाड्याने घेऊन वार्ताहर पाठवले, याच्याकडे तेवढा पैसाच नव्हता, परत तोटा वाढायला लागला. सगळे म्हणाले किंमत वाढव. याने तीन सेंटचा पेपर एक सेंटला केला, आणि वर्षभरात खप पंचवीस हजारांवरून पंचाहत्तर हजारांवर.

आणि हो, तो वर्ल्डवाला पुलित्झर. हंगेरीतल्या माको गावचा, ज्यू घरातलाच. म्हणजे शहरात ज्यू घरातून आलेले दोन पेपरमालक, आणि दोघं एकमेकांच्या गिऱ्हाइकावर टपलेले. वर्ल्ड शेवटी १९३१ मध्ये विकला गेला आणि बंद पडला, ऑक्सच्या हयातीतच. एकी!

"बापाकडून मुलाकडे पाच पिढ्या"

पिढ्या पाच बरोबर आहेत. बापाकडून मुलाकडे मात्र नाही, आणि हे वाक्य लिहिणाऱ्याला बायका दिसतच नाहीत असं वाटतं मला.

ऑक्सला एकच मुलगी, इफिजीन. तिला पेपरात काम करायचं होतं, बापाने करू दिलं नाही, बाईमाणसाचं काम नव्हे म्हणून. तिचं लग्न १९१७ ला आर्थर हेज सल्झबर्गरशी झालं. १९३५ च्या एप्रिलमध्ये ऑक्स चॅटनूगाला जुन्या ऑफिसची भेट घ्यायला गेला असताना तिथेच गेला, तेव्हा गादीवर कोण बसलं, जावई. त्या जावयाने १९६१ पर्यंत चालवला आणि दिला कुणाला, तर स्वतःच्या जावयाला, ऑर्विल ड्रायफूसला. तो दोन वर्षांत, ११४ दिवसांचा छापखान्यांचा संप नुकताच मिटलेला असताना, हृदयविकाराने गेला. तेव्हा कुठे १९६३ ला मुलाचा नंबर लागला, आर्थर ऑक्स सल्झबर्गर, घरात त्याला पंच म्हणायचे, आणि हा मुलगा पेपर चालवू शकेल असं घरातही फारसं कुणाला वाटत नव्हतं. त्याने १९७१ ला व्हिएतनाम युद्धाची गुप्त सरकारी कागदपत्रं छापली, सरकार कोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टात सहा विरुद्ध तीनने पेपर जिंकला. शांत बसणारी पोरं.

पुढे १९९२ ला त्याचा मुलगा आणि २०१८ पासून नातू. आणि फॉरवर्डवाल्यासाठी एक माहिती, १९९२ ला बसलेला हा मुलगा, आर्थर सल्झबर्गर ज्युनिअर, आईच्या ख्रिश्चन धर्मात वाढलेला, एपिस्कोपल चर्चमधला. मग आता याला ज्यूंचा पेपर म्हणायचं का चर्चचा, तुम्हीच सांगा.

या सगळ्यात इफिजीन कुठे होती तर मध्यभागी. पदावर कधीच नाही, पण नवरा, जावई, मुलगा, नातू असे चार जण तिच्या डोळ्यासमोर त्या खुर्चीत बसायला तयार झाले आणि बापाने मृत्युपत्रात शेअर ठेवले ते तिच्या चार मुलांसाठी ट्रस्टमध्ये. ९७ वर्षांची होऊन १९९० ला गेली. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पेढीच्या घरात अशी एक आजी असते, जिच्या सहीशिवाय काही होत नाही आणि जिचं नाव दुकानाच्या पाटीवर नसतं.

"ज्यूंच्या प्रत्येक दुःखाला पहिलं पान"

या वाक्यावर मला खरंच राग आला, कारण झालं बरोबर याच्या उलट, आणि ते लपलेलं नाहीये, पेपरने स्वतःच छापलंय.

ऑक्सला आयुष्यभर एका गोष्टीची धास्ती होती, की लोक आपल्याला "ज्यू पेपर" म्हणतील. एकदाच त्याने ती बाजूला ठेवली. जॉर्जिया राज्यात लिओ फ्रँक नावाच्या ज्यू कारखाना मॅनेजरला एका मुलीच्या खुनाच्या आरोपात फाशीची शिक्षा झाली, पुरावा तकलादू होता, ऑक्सने पेपरची ताकद त्याच्या बाजूने लावली. गव्हर्नरने फाशी जन्मठेपेवर आणली. ऑगस्ट १९१५ मध्ये जमावाने फ्रँकला तुरुंगातून उचलून नेऊन झाडाला लटकवलं. आणि तिकडच्या लोकांचं म्हणणं असं की न्यूयॉर्कच्या पेपरने नाक खुपसलं म्हणून हे झालं. ऑक्स यातून हादरला, आणि परत म्हणून असल्या मोहिमेच्या वाटेला गेला नाही.

जावई तर त्याच्या पुढचा. आर्थर हेज सल्झबर्गरचं ठाम मत होतं की ज्यू हा धर्म आहे, ज्यू म्हणजे राष्ट्र नाही, वंश नाही, त्यामुळे पेपरने ज्यूंकडे वेगळा गट म्हणून बघायचंच नाही. ऐकायला किती उदार. आता हे १९४२ ला लावून बघा. नोव्हेंबरमध्ये रब्बी स्टीफन वाइज यांनी वॉशिंग्टनमध्ये जाहीर केलं की अमेरिकन परराष्ट्र खात्यानेच माहितीला दुजोरा दिलाय, हिटलर युरोपातल्या ज्यूंना संपवतोय आणि वीस लाखांच्या आसपास माणसं आधीच मारली गेलीत. न्यूयॉर्क टाइम्सने २५ नोव्हेंबरला ही बातमी छापली. दहाव्या पानावर.

दहाव्या पानावर, ज्या पेपरचा मालक ज्यू आहे त्या पेपरात.

पुढे १४ नोव्हेंबर २००१ ला, पेपरला दीडशे वर्षं झाली म्हणून काढलेल्या खास पुरवणीत, त्यांच्याच माजी संपादकाने मॅक्स फ्रँकेलने लिहिलं की युद्धाच्या जवळजवळ सहा वर्षांत पहिल्या पानावर "हिटलरला ज्यूंचाच संपूर्ण नाश करायचाय" हे फक्त सहा वेळा आलं. सहा. हा फ्रँकेल स्वतः लहानपणी नाझी जर्मनीतून पळून आलेला. त्याने आपल्याच पेपरच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं अपयश म्हणून मांडलं, पुरवणीतल्या गोड गोड लेखांच्या मधोमध.

आता इस्रायल. ऑक्सचा सासरा रब्बी आयझॅक मेयर वाइज, वर ज्या वाइजचं नाव आलं तो वेगळा, हा सिनसिनाटीचा, अमेरिकेतल्या सुधारणावादी ज्यू पंथाचा संस्थापकच म्हणा, आणि तो झायोनिझमच्या म्हणजे ज्यूंचं वेगळं राष्ट्र या कल्पनेच्या कडाडून विरोधात. ऑक्स विरोधात. जावई सल्झबर्गर विरोधात, इतका की न्यूयॉर्कमधले झायोनिस्ट त्याच्यावर भडकलेले असायचे. इस्रायल यांनी घडवला म्हणे.

आणि ऑफिसात काय परिस्थिती होती ते ऐका. अब्राहम असं ज्यू नाव असलेल्या वार्ताहराची बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, आद्याक्षरांनी जायची, का तर पानावर फार अब्राहम दिसू नयेत. ए. एम. रोझेंथल हे नाव ऐकलं असेल कुणी, १९५० च्या दशकात चार वर्षं आपल्याकडे दिल्लीत वार्ताहर होते, नेहरूंच्या काळात, त्यातला ए म्हणजे अब्राहम. हेच रोझेंथल पुढे पेपरचे सर्वोच्च संपादक झाले. तेव्हा एक अलिखित नियम असा होता की जेरुसलेमला ज्यू वार्ताहर पाठवायचा नाही, पक्षपाताचा आरोप होईल म्हणून. रोझेंथलनी ठरवलं हा नियम मोडायचा, आणि डेव्हिड शिप्लर नावाच्या माणसाला पाठवलं, नावावरून ज्यू वाटला. नंतर कळलं तो प्रोटेस्टंट! मग १९८४ ला थॉमस फ्रीडमनला पाठवून नियम खरोखर मोडला. आडनावावरून जात ओळखायची सवय फक्त आपल्यालाच नाही बघा, आणि तिकडे पण चुकतात.

"९६ टक्के मीडिया"

हा आकडा कुणी मोजला, कशाचे टक्के, मालकीचे का खपाचे का संपादकांचे, काहीच नाही, नुसता ९६. जरा नावं घेऊन बघू. वॉल स्ट्रीट जर्नल २००७ पासून मरडॉककडे, तो ऑस्ट्रेलियातला ख्रिश्चन. वॉशिंग्टन पोस्ट १९३३ ला युजीन मेयर या ज्यू घरातल्या माणसाने लिलावात घेतला होता हे खरं, पण त्याच्या घरच्यांनी तो २०१३ ला अ‍ॅमेझॉनच्या बेझोसला पंचवीस कोटी डॉलरला विकला. लॉस एंजेलिस टाइम्स २०१८ पासून चिनी वंशाच्या एका डॉक्टर उद्योगपतीकडे. हर्स्ट घराणं आजही पेपर चालवतं, ते ज्यू नाही. मासिकं काढणाऱ्या कॉन्डे नास्टवालं न्यूहाउस घराणं ज्यू आहे, हो आहे ना, कोण नाही म्हणतंय. ज्यू मालक आहेत, होते, बरेच होते. बाकी ९६ साठी हिशोब आणा, मग बोलू.

बरं, मग न्यूयॉर्क टाइम्स एवढी वर्षं एका घरात कसा राहिला, बाकीची घराणी विकून मोकळी झाली आणि हे कसे टिकले, हा प्रश्न मात्र योग्य आहे. उत्तर रुक्ष आहे. १९६९ ला कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा दोन प्रकारचे शेअर ठेवले. तुम्ही-आम्ही घेऊ शकतो ते क्लास ए, आणि घरच्या ट्रस्टमध्ये जवळजवळ सगळे अडकलेले ते क्लास बी. संचालक मंडळातले सत्तर टक्के लोक क्लास बी वाले निवडतात. म्हणजे बाजारातले सगळे शेअर तुम्ही उचलले तरी पेपर तुमचा होत नाही. शिवाय घरातल्यांनी आपसात लिहून घेतलं की कुणाला क्लास बी विकायचाच असेल तर आधी घरात विचारायचं. ही वकिलाने लिहिलेली तटबंदी आहे, रक्तातली एकी नाही.

आणि तटबंदी असूनही २००८-०९ च्या मंदीत पाय लटपटलेच. जानेवारी २००९ ला पंचवीस कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं, चौदा टक्क्यांच्या वर व्याजाने. आपला पतपेढीवालासुद्धा लाजेल असा दर. दिलं कुणी, तर मेक्सिकोच्या कार्लोस स्लिमने, लेबनानहून आलेल्या ख्रिश्चन घराण्यातला माणूस. ज्यू सावकारांची वर्गणी या वेळीही कुठे दिसली नाही. पुढच्याच महिन्यात सगळ्या भावंडांचा आधार असलेला लाभांशही बंद झाला, आणि ज्या चॅटनूगा टाइम्सपासून सगळं सुरू झालं तो तर दहा वर्षं आधी, १९९९ लाच विकून टाकला होता. स्लिमचं कर्ज २०११ ला मुदतीच्या आधी फेडलं. त्याच वर्षी वेबसाइटला पैसे लावले, तेव्हा लोक हसले होते की फुकट मिळतंय ते विकत कोण घेणार. १८९८ ला किंमत कमी केली तेव्हाही हसले होते, म्हणजे हसणाऱ्यांचं काही खरं नाही.

"मराठी माणूस खेकडा"

ही खेकड्याची गोष्ट मी बंगाल्यांबद्दल ऐकलीय, मल्याळींबद्दल ऐकलीय, कोकणात तर वाडीगणिक शेजारच्या वाडीबद्दल ऐकलीय. सोडा.

पण ज्यूंची एकी बघायला अमेरिकेला कशाला जायचं, आपल्याकडेच बघा की. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. आणि बगदादहून १८३२ ला मुंबईत आलेले डेव्हिड ससून आणि त्यांच्या मागून आलेली मंडळी. पुण्याचं ससून, कुलाब्याचा ससून डॉक, काळाघोड्याची लायब्ररी, सगळं त्याच घराण्याचं. दोघं ज्यू, एकाच मुंबईत. आणि बगदादी लोक बेने इस्रायलींना बरोबरीचे मानायला तयार नव्हते, हे अस्सल ज्यू आहेत का इथपासून वाद. आता बोला.

याच ससून घराण्यातली एक मुलगी पेपरवाली झाली, आणि ही गोष्ट कुठल्याच फॉरवर्डमध्ये का नाही मला कळत नाही, कारण ती जन्माने मुंबईची. रेचल ससून, डेव्हिड ससूनची नात, जन्म ७ एप्रिल १८५८, म्हणजे सिनसिनाटीतल्या त्या पोरापेक्षा महिन्याभरानेही लहान नाही. तान्ही असतानाच घरचे लंडनला गेले. १८८७ ला तिने फ्रेडरिक बीअरशी लग्न केलं. त्याचा बाप फ्रँकफर्टहून आलेला ज्यू, पण घराणं ख्रिश्चन झालेलं, आणि लंडनचा ऑब्झर्व्हर हा पेपर त्यांच्या मालकीचा. लग्नासाठी रेचलनेही बाप्तिस्मा घेतला, आणि ससूनांनी तिच्याशी नातं तोडलं.

१८९१ मध्ये तिने ऑब्झर्व्हरचं संपादन हातात घेतलं, दोन वर्षांनी संडे टाइम्स विकत घेतला, आणि दोन्ही पेपर एकाच वेळी चालवले, लंडनमध्ये, तेव्हा जेव्हा तिकडे बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता आणि न्यूयॉर्कमध्ये ऑक्स आपल्या एकुलत्या एक मुलीला ऑफिसात घ्यायला तयार होणार नव्हता. १८९८ मध्ये फ्रान्समध्ये ड्रेफस प्रकरण पेटलेलं, एका ज्यू कॅप्टनला हेर ठरवून कैदेत टाकलेलं. ज्या चिठ्ठीवरून त्याला शिक्षा झाली ती मीच लिहिली होती अशी फ्रेंच सैन्यातल्याच मेजर एस्टरहाझीची कबुली रेचलच्या ऑब्झर्व्हरने छापली. तेव्हा तिला ज्यू धर्म सोडून अकरा वर्षं झाली होती, आणि ससूनांच्या घराचं दार तिला तेवढीच वर्षं बंद होतं.